मिठाला जागणं

रात्री पावणेतीनला आल्बर्टिनो उठून बसला.
म्हणाला, काही नाही, झोप तू.
चव्वेचाळीस वर्षं या माणसाचं ‘काही नाही’ ऐकते आहे.
दिवा लावला,
त्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवली.

एक. दोन. मग बराच वेळ काहीच नाही.
मग तीन-चार-पाच एकदम,
शाळा सुटल्यावर दारात रेटारेटी करणाऱ्या पोरांसारखे.
मग एक. एकटाच. उशिरा.

आवेइरोच्या मिठागरात आम्ही जन्म काढला,
तो फावड्यानं ओढायचा,
मी टोपली डोक्यावर घेऊन अनवाणी, वीतभर बांधावरून.
पाय चुकला की सगळं चिखलात.
ठेका मला कळतो.
हा ठेका नव्हता.

डॉक्टर कितेरिया आमच्या धाकटीच्या वयाची.
कागदाची लांब पट्टी टेबलावर पसरून म्हणाली,
वरचे कप्पे आकसत नाहीत, नुसते थरथरताहेत.
रक्तदाब किती वर्षांपासून?
आल्बर्टिनो छताकडे बघू लागला.
एकोणीस, मी म्हटलं.
आणि गोळ्या?
खिडकीत. जिरेनियमच्या कुंडीमागे,
उन्हानं चांदी उडालेल्या पट्ट्या.
दुखत नाही ते कसलं दुखणं, असं त्याचं म्हणणं.

मग ती समजावत बसली:
दाबापुढे ढकलून ढकलून हृदयाची भिंत जाड होते,
ताठर होते, मागचं रक्त तुंबतं,
वरचा कप्पा ताणत जातो, ताणत जातो...
तोच हा एकदम सरसावून बसला:
म्हणजे खालची फळी नीट उघडली नाही
की वरच्या वाफ्याचे बांध फुगतात, तसं.
तिनं मिठागर कधी पाहिलं नसावं.
तरी मान हलवली.
आणि म्हणाली,
जिथं रक्त थांबून राहतं, तिथं ते गोठतं.

आम्ही दोघंही गप्प.

कारण आमचा सगळा धंदा तो एवढाच.
खाडीचं पाणी आत घ्यायचं,
या वाफ्यातून त्या वाफ्यात उतरवायचं,
आणि शेवटी सोडून द्यायचं. ढवळायचं नाही.
वाऱ्यालासुद्धा मनातल्या मनात विनवायचं.
मग एखाद्या सकाळी कडेला पांढरी साय धरते.
ती दिसावी म्हणून मी गुडघ्यांवर बसले आहे,
देवळातही इतकी बसले नसेन.

तीच साय आता त्याच्या छातीत,
अंगठ्याएवढ्या एका कोपऱ्यात,
आणि तिचा एक खडा सुटून वर गेला तर—

त्याचा भाऊ सेराफिं.
गेल्या हंगामात फळीपाशी उभ्या उभ्या हातातलं फावडं गळलं.
आता ओठाची उजवी बाजू ओल्या फडक्यासारखी लोंबते.
मला ‘वल्हं’ म्हणतो. कॉफीलाही वल्हं.
त्याचे ठोके कुणी मोजलेच नव्हते.

आता रक्त पातळ करायची गोळी, सकाळ-संध्याकाळ.
दाढी करताना कापलं तर टॉवेल भिजतो.
दंडाला पट्टा फुगतो, मी आकडे वहीत लिहिते.
खारवलेला कॉड तीन दिवस भिजवते, सहा पाणी बदलते.
नावडतीचं मीठ अळणी म्हणतात.
मी तर आवडती, तरी माझं अळणी.
तो परक्याच्या घरी जेवल्यासारखा सभ्यपणे चावतो.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
जागतंय की त्याचं काळीज,
पावणेतीनला, पुन्हा चारला.

काल संध्याकाळी तो मिठागरावर गेला.
ऑगस्टचं ऊन उतरत होतं, शेवटच्या वाफ्यावर साय धरू लागली होती.
त्यानं फावडं उचललं आणि पाणी हलवायला लागला,
सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

अरे, मोडशील, मी बांधावरून ओरडले.

मोडू दे, म्हणाला.
वाहतं बरं दिसतंय.